शिवी आईवरूनच का?

आज बोलूया पीचेसबद्दल. खरं नाव मेरिल निस्कर. मूळची टोरांटोची, आधी मुलांना शिकवायची, मग बर्लिन गाठलं. २००० साली 'द टीचेस ऑफ पीचेस' आला. मागे बँड नाही, बीट्स रोलंडच्या एमसी-५०५ या एका मशीनवर, आणि वर तिचा बिनधास्त आवाज.

२००३ च्या अल्बमला तिने नाव काय दिलं? आईवरची ती प्रसिद्ध इंग्रजी शिवी, फक्त आईच्या जागी बाप! कव्हरवर स्वतः, दाढीसकट.

कानाला खटकतं ना? पण आईवरची शिवी आपण ट्रॅफिकमध्ये, गेम हरल्यावर सहज देतो. मीसुद्धा देतो. तेव्हा काहीच खटकत नाही. तिची गाणी चावट आहेतच, पण हा प्रश्न चावट नाही.

ऐका, मात्र हेडफोन लावून! भेटू पुढच्या भागात.