काशीत स्वागत, आणि एक जुना फॉरवर्ड

पुण्या-नागपुराहून, बेळगावहून रेल्वेत पाठ मोडून इथवर आलेल्या डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंनो,

तुमची उतरायची सोय ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या आसपास केली आहे. आमची मराठी घरं पिढ्यानपिढ्या तिथलीच. रिक्षा आत येत नाही, बॅगा उचलून चालावं लागतं. समिती त्याबद्दल आधीच माफी मागते. मोबाइलची रेंजही या गल्ल्यांत लहरीच. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, मी रात्र-रात्र गच्चीवर उभा असायचो, ते तिच्यासाठीच.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला बनारस घराण्याचे पं. राजन मिश्र कोविडनं दिल्लीत वारले. त्यांना व्हेंटिलेटर मिळावा म्हणून ट्विटरवर विनवण्या चालल्या होत्या. पुढे बीएचयूत उभारलेल्या कोविड रुग्णालयाला त्यांचंच नाव दिलं गेलं. ज्यांचं गाणं जगानं ऐकलं, त्यांच्यासाठी ही वेळ. मग आमच्या मदनपुऱ्यातल्या विणकरानं कुणाला टॅग करायचं? ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की ऑनलाइन मदत मागणाऱ्यांना दडपलं तर तो न्यायालयाचा अवमान समजू. तोवर बरेच जण भीतीनं गप्प बसले होते.

आपला फोन मात्र गप्प नव्हता. पीपीईत घामानं निथळताना, प्लास्टिकच्या पिशवीतल्या स्क्रीनवर ग्लोव्हजचं बोट चालायचं नाही, म्हणून सगळं व्हॉइस मेसेजवर. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्लाही नियमात बसवला होता. तिकडे पिट्सबर्गहून डॉ. रवी गोडसे यूट्यूबवर मराठीत बोलू लागले, आणि माझ्या मावशीनं माझं ऐकणं सोडलं. हसा, हसा, तुमच्याही घरी झालं असणार.

आता माझी चूक सांगतो. स्वागताध्यक्षानं असलं काही सांगायचं नसतं, पण या दोन दिवसांचा आपला विषयच फोनवरचे मेसेज हा आहे. ऑक्सिजनवर असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका मधुमेही आजोबांना डेक्सा हे स्टेरॉइड किती दिलं, साखर कशी सांभाळली, हे मी डॉक्टरांच्या ग्रुपवर लिहिलं. आठ दिवसांनी तो मजकूर चुलतभावाकडून माझ्याकडेच परत आला. वय, मधुमेह, ऑक्सिजन या वरच्या ओळी वाटेत गळल्या होत्या. गोळ्यांची नावं आणि खाली माझं नाव शाबूत. "दादा, घरात सगळ्यांना सुरू करू ना?"

ऑक्सिजन न लागणाऱ्याला स्टेरॉइडचा फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो. मधुमेह्याची साखर भडकते, आणि काळ्या बुरशीला वाट मोकळी होते. चुलतभावाला थांबवलं. मग ग्रुपवर दुरुस्ती टाकली. ती कुणीही फॉरवर्ड केली नाही.

तरी ग्रुपचं मोलही विसरून चालणार नाही. वुहानच्या डॉ. ली वेनलियांगनं ३० डिसेंबर २०१९ ला धोक्याची सूचना वर्गमित्रांच्या ग्रुपवरच टाकली होती, आणि पोलिसांनी त्याला समज दिली. तेव्हा ग्रुप बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण निघून गेलेला चुकीचा मेसेज मागे कसा आणायचा, हे या दोन दिवसांत कुणी सांगितलं, तर मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसेन. आशाताईंकडून विशेष अपेक्षा आहे. त्या मेसेज घेऊन दारोदार जातात, दुरुस्ती कुणापर्यंत पोचली नाही ते त्यांना तोंडपाठ असतं.

फोटो जरूर काढा. मात्र पडद्यावर एक्स-रे आला आणि कोपऱ्यात पेशंटचं नाव दिसलं, तर तेवढा वेळ फोन खिशात. जेवण दीड वाजता, पंगत मागच्या अंगणात.