माझा धर्म खरा, मग तुझा?

सहिष्णुता हा शब्द मला थोडा अपुरा वाटतो. त्यात सहन करणे आहे. सहन आपण काय करतो? उन्हाळा, डोकेदुखी, वरच्या मजल्यावरचा आवाज. दुसऱ्याची श्रद्धा 'सहन' करायची म्हणजे ती उपद्रव आहे, हे आधीच ठरवल्यासारखे होते.

यावर आपल्याकडे एक सोपा तोडगा आहे. 'सगळे धर्म सारखेच, नावे तेवढी वेगळी.' सभेत या वाक्याला टाळ्या पडतात. पण जो मनापासून आपला धर्म पाळतो, त्याला ते पटत नाही. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो. मी मुसलमान. आम्ही त्यांना हजरत ईसा म्हणतो, थोर पैगंबर मानतो. त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाची एक सूरा कुराणात आहे. पण देवाचा पुत्र आम्ही मानत नाही. हा फरक नुसता नावाचा नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की माझाच धर्म खरा अशी ज्याची खात्री आहे, त्याने दुसऱ्या धर्माच्या माणसाशी कसे वागावे?

या प्रश्नाचे एक ख्रिस्ती उत्तर मला फार मोलाचे वाटते. त्याचे मूळ लूकच्या शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत आहे. 'माझा शेजारी कोण?' असे एक शास्त्री येशूला विचारतो. येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एका माणसाला चोर लुटतात आणि अर्धमेला करून टाकतात. एक याजक येतो, बाजूने निघून जातो. एक लेवी येतो, तोही जातो. मग एक शोमरोनी येतो. तो जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून सराईत नेतो आणि खर्चासाठी सराईवाल्याला दोन नाणी देतो.

आता हे शोमरोनी कोण? यहुदी आणि शोमरोनी यांचे हाडवैर होते. देवाची उपासना यरुशलेमला करायची की गरिज्जीम डोंगरावर, यावरून त्यांचा वाद होता. म्हणजे भांडण धर्माचेच. गंमत पाहा, त्या वादात शोमरोन्यांचे बरोबर आहे, असे येशू कुठेही म्हणत नाही. मतभेद तो मिटवत नाही. पण शेजारधर्म शिकायचा तर याच्याकडून शिका, असे मात्र सांगतो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा मिशनच्या शाळेत ऐकली. आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाई ख्रिस्ती होत्या, दर रविवारी न चुकता देवळात जाणाऱ्या. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाणाऱ्या आम्हा मुलांना त्या तासाला उशिरा यायची मुभा देत. एकदा मी धीर करून विचारले, "बाई, आम्ही ख्रिस्ती व्हावं असं तुम्हाला वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "वाटतं की. पण ते तुझं आणि देवाचं. मला तुझं व्याकरण सुधारायचंय."

सगळ्या ख्रिस्ती सत्ताधाऱ्यांना हे उमजले होते, असे नाही. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय आले आणि ते कायमचे बंद व्हायला 1812 साल उजाडले. धर्मांतर केलेल्या माणसांनी घरात जुन्या चालीरीती पाळल्या, म्हणून त्यांना शिक्षा झाल्या. युरोपात शतकानुशतके येशूच्या मृत्यूचा दोष समस्त यहुद्यांच्या माथी मारला गेला. दुसऱ्या महायुद्धात साठ लाख यहुदी मारले गेले, तेव्हा या शिकवणीकडे नव्याने पाहणे चर्चला भाग पडले.

त्यातून 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा काढला. बाजूने 2221 मते, विरोधात 88. जेमतेम पाच परिच्छेदांचा मजकूर. पण त्यात यहुद्यांवरचा तो सरसकट दोष दूर केला आहे, हिंदू आणि बौद्ध धर्मांची नावे घेऊन आदर व्यक्त केला आहे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असेही त्यात म्हटले आहे. मुसलमानांबद्दल तो म्हणतो, की ते येशूला देव मानत नाहीत, तरी पैगंबर मानतात आणि मरियमचा मान राखतात. फरक लपवलेला नाही आणि आदरही हातचा राखलेला नाही.

या जाहीरनाम्याच्या आधी, डिसेंबर 1964 मध्ये, पोप सहावे पॉल आपल्या मुंबईत आले होते. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, असत्याकडून सत्याकडे ने, अशी विनवणी करणारी. ती म्हटल्याने त्यांचे ख्रिस्तीपण तसूभरही उणे झाले नाही.

त्याच परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्यावर दुसरा जाहीरनामा काढला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही सक्ती करता येणार नाही, कारण हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, असे त्यात सांगितले. तो हक्क केवळ आपल्या धर्माच्या माणसाचा नाही, चुकीच्या वाटेवर आहे असे आपल्याला वाटते त्याचाही आहे. धर्मात जबरदस्ती नको, ही शिकवण माझ्या कुराणातही आहे. दुसऱ्याचे मन वळवायचा प्रयत्न जरूर करावा. त्याला वाकवू नये.

हे सगळे पोप आणि परिषदांचे मोठे बोलणे झाले. आपली परीक्षा मात्र गल्लीत होते. उमेदीच्या काळात शहरात भाड्याची खोली शोधताना, मी नाव सांगितल्यावर 'खोली कालच गेली' हे उत्तर अनेक दारांत ऐकले आहे. ती माणसे वाईट नव्हती. काहींनी तर आधी पाणीही विचारले होते. त्यांच्या देवाला मी मानावे किंवा माझ्या देवाला त्यांनी मानावे, असे माझे मागणे नव्हते. मला खोली हवी होती. यरीहोच्या वाटेवरच्या त्या सराईत जखमी माणसाला जागा मिळाली. त्याचे नाव काय होते, हे गोष्टीत कुणी विचारलेले नाही.