खर्ड्याच्या माळावरील विष्णुक्रांता
(खर्डा येथील शिक्षक-सभेत दिलेले भाषण)



खर्ड्याची लढाई १७९५ साली झाली, हे येथील विद्यार्थी बिनचूक सांगतो. परंतु ज्या मुरमाड माळावरून तो शाळेस येतो, तेथे पायांखाली उमलणारे निळे फूल कोणते असे विचारल्यास ‘गवत’ एवढेच उत्तर मिळते. हे फूल विष्णुक्रांतेचे होय.

ही जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. कुळ रताळ्याचे व बेशरमाचे. पण ही कशालाही विळखा घालीत नाही. लिनियसने १७६२ साली दिलेल्या ‘इव्हॉल्व्ह्युलस’ या नावात हाच अर्थ आहे. फूल नखाएवढे, पाच पाकळ्या जुळून झालेले, मध्यभागी पांढरट.

वीतभर माती, खाली कातळ, आणि पाऊस बेभरवशाचा. अशा जागी ती टिकते कशी, हा प्रश्न मुलांस अवश्य विचारावा आणि उत्तर लगेच सांगू नये. पान भिंगाखाली धरावयास लावावे. त्यावर रेशमासारखी लव दिसेल. तिच्यामुळे पानातील ओलावा सहजी उडून जात नाही. दुसरे उत्तर भूमीखाली आहे. तिचे मूळ काष्ठमय असते. ओल असेल तेथे ती बहुतेक वर्षभर हिरवी राहते. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला, तरी पावसाबरोबर मुळाच्या माथ्यावरून नवे धुमारे फुटतात.

म्हणूनच वनस्पतिसंग्रहाची आपली एक रीत मला मान्य नाही. प्रत्येक मुलास एकेक रोप मुळासकट उपटून आणावयास सांगितले जाते. चाळीस मुलांचा वर्ग एका सकाळी माळाचा एक तुकडा मोकळा करतो, आणि उन्हाळ्यांना पुरून उरलेले रोप वहीत वाळते. संग्रहास एक डहाळी पुरे. मुळाचे चित्र साऱ्या वर्गाने एकाच रोपावरून काढावे, तेही पायवाटेत तुडविले जाणारे निवडून.

नावाविषयी थोडे. ‘शंखपुष्पी’ या एकाच नावाने ही वनस्पती, तिच्याच कुळातील दुसरी एक आणि कधी गोकर्णही ओळखली जाते. केरळात हिची गणना दशपुष्पांत होते. मुलाने आजीकडून निराळे नाव आणल्यास तेही फळ्यावर लिहावे. मात्र बुद्धी वाढते म्हणून पाने चघळू देऊ नयेत.

श्रावण-भाद्रपदात, शनिवारच्या सकाळच्या शाळेत हा पाठ घ्यावा. दुपारी गेल्यास फूल मिटलेले आढळेल.