न फोडलेली पाकिटं



मी ३२ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यांतली १९ कर्ज विभागात. निवृत्त झाल्यापासून घराचे हप्ते थकलेल्या कुटुंबांच्या हिशेबाला बसते. बसते म्हणजे त्यांच्याच घरी, सतरंजीवर नाहीतर जेवणाच्या टेबलाशी. पहिल्यांदा मी बँकेकडून आलेली पाकिटं मागते. ती कुठे ठेवलेली असतात हे आता मला न सांगता कळतं: फ्रिजवर, रद्दीच्या गठ्ठ्याखाली, एका घरी तर देव्हाऱ्याच्या मागे होती. आणि त्यांतली बरीचशी फोडलेलीच नसतात.

संयोजकांनी मला विषय दिला तो खर्च कमी करून थकलेले हप्ते कसे भरावेत, असा. पण या न फोडलेल्या पाकिटांबद्दल बोलल्याशिवाय मला खर्चाबद्दल बोलता येणार नाही. हप्ता थकला की घरात पैशाची चणचण येते तशी लाजही येते, आणि माझा अनुभव असा की घर जास्त पोखरते ती लाज. लाजेपोटी माणूस जो खर्च सगळ्यांत आधी थांबवायला हवा तोच चालू ठेवतो, कारण तो लोकांना दिसणारा असतो. आणि हप्ता थांबवतो, कारण तो कुणाला दिसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या यजमानांची पिंपरीतली कंपनी बंद पडली तेव्हा त्यांच्या नावावरच्या घरकर्जाचे दोन हप्ते थकले होते. मी स्वतः दिवसभर लोकांची कर्जखाती तपासत होते, आणि त्याच महिन्यात चुलत नणंदेच्या लग्नात मी पैठणीचा आहेर केला. साधी साडी दिली असती तर कुणी एक शब्द बोललं नसतं. पण मला वाटलं, साधी साडी दिली की सगळ्यांना कळेल. ती पैठणी मी अजून विसरलेले नाही.

आता एका कुटुंबाचा हिशेब मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नवरा चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बायको घरी ब्लाउज शिवते, दोन मुलं शाळेत. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यातले २१,२५० नुसतं व्याज असतं, मुद्दल फिटतं ते ४,७८५. कर्ज घेताना हे आकडे त्यांना कुणी समजावून सांगितलेच नव्हते. कारखान्यात ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, होता तोवर सगळं निभावत होतं. ओटी बंद झाला आणि दोघांचे मिळून महिन्याला ६० हजार येऊ लागले. खर्च ७१ हजारांवरच राहिला. मधले ११ हजार काही दिवस क्रेडिट कार्डाने भरले. मग जानेवारीचा हप्ता परत गेला, फेब्रुवारीचा गेला, मार्चचाही गेला.

मी त्यांच्याकडे गेले ती तारीख १६ मार्च. हप्त्याची तारीख ५. म्हणजे जानेवारीच्या हप्त्यापासून मोजला तर तो थकबाकीचा ७१वा दिवस होता. ही मोजणी सगळ्यांनी समजून घ्या, कारण घर वाचतं की जातं ते पुष्कळदा इथे ठरतं. सगळ्यांत जुना हप्ता ज्या दिवशी भरायचा होता त्या दिवसापासून बँक दिवस मोजते. ३० दिवसांपर्यंत एक पायरी, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी, आणि ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. या कुटुंबाचा ९१वा दिवस होता ५ एप्रिल. हातात २० दिवसही नव्हते.

नवऱ्याचं म्हणणं होतं, "मॅडम, तीन हप्त्यांचे ७८ हजार एकदम कुठून आणू? जमले की सगळे एकदमच भरतो." असं म्हणणारे शेकडो लोक मी पाहिले आहेत. बँकेत एक हप्ता घेऊन जायचं म्हणजे त्यांना अपमान वाटतो. जायचं तर पूर्ण रक्कम घेऊन, ताठ मानेने. पण नियम काय आहे? ९० दिवसांच्या आत एक पुरा हप्ता भरला की तो जानेवारीच्या खाती जातो, सर्वांत जुना हप्ता फेब्रुवारीचा ठरतो, आणि ७१ चे त्याच दिवशी ४० दिवस होतात. दोन भरले तर १२. उलट एकदा खातं एनपीए झालं की एका हप्त्याने काही होत नाही. सगळी थकबाकी, व्याज आणि मुद्दल, पूर्ण भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित धरू नये, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्टच केलं आहे. म्हणजे जो एक हप्ता न्यायला आपण लाजतो, त्याचं मोल त्या ९० दिवसांत सगळ्यांत जास्त असतं.

मग पैसे आणायचे कुठून? आम्ही वहीत सगळा खर्च लिहून काढला. बायकोने आधी काय खोडलं माहीत आहे? स्वतःचा दुपारचा चहा, आणि अर्धा लिटर दूध. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. आपल्याकडे काटकसर म्हटली की ती बाईच्या ताटापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. दूध कमी करून महिन्याला ९०० रुपये वाचतात. ११ हजारांचं भगदाड त्याने बुजत नाही, पोरं मात्र वाळतात.

त्याच वहीत महिन्याला ५,००० रुपये भिशीचे होते. बारा जणींची भिशी, साठ हजारांची. चिठ्ठीत तिचा नंबर अजून लागला नव्हता. मी म्हटलं, या वेळची भिशी तुम्हांला उचलू द्या म्हणून विचारा. ती गप्प झाली. विचारायचं म्हणजे बिल्डिंगमधल्या अकरा जणींना कारण सांगायचं. तीन दिवस ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आमचे तीन हप्ते थकलेत. जिचा नंबर होता तिने लगेच तो हिला दिला. आणि मग दोघी मागे थांबल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचेही थकलेत गं. तुझ्या त्या बाईंचा नंबर दे."

साठ हजारांतून दोन हप्ते त्याच दिवशी भरले, ७,९३० उरले. हप्त्यावर घेतलेली नवी मोटारसायकल विकली. तिचं कर्ज फेडून १२ हजार हाती आले. कंपनीची बस कोपऱ्यावर येत होती, तरी मोटारसायकल होती, कारण बरोबरीच्या सगळ्यांकडे होती. पाच वर्षं भरलेली बचतीची विमा पॉलिसी होती, ती पेड-अप करून घेतली, म्हणजे पुढचा हप्ता बंद आणि विम्याची रक्कम कमी होऊन पॉलिसी तशीच राहते. गाडीचा हप्ता ३,९००, पेट्रोल १,५००, पॉलिसी ४,०००: दोन निर्णयांत ९,४०० रुपये. वाणसामानाची महिन्याची यादी पुन्हा कागदावर करायला लागले, मोबाइलवरून मागवणं बंद झालं, त्याचे १,२०० वाचले. फोन आणि इंटरनेटच्या पॅकचे ७००. एकूण ११,३००. भगदाड बुजून ३०० रुपये वर.

राहिलं कार्ड. ६८ हजारांची बाकी, महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे नुसतं व्याज २,३८०, आणि ते कमीत कमी रक्कम म्हणून ३,५०० भरत होते. असं भरत राहिलं तर बाकी हलता हलत नाही. बायकोने स्वतःहून पाटल्या काढून दिल्या. बाईला दागिना गहाण टाक असं मी कधीच सांगत नाही. ते तिचं स्त्रीधन आहे आणि तो निर्णय तिचाच. सोन्यावर दहा टक्क्यांनी कर्ज मिळालं, त्याचं व्याज महिन्याला ५६७. कार्ड बंद केलं, कात्रीने कापलं. मुद्दल अजून द्यायचंच आहे आणि भिशीचे हप्ते संपले की ते पैसे तिकडे वळतील असं वहीत लिहून ठेवलं आहे. मार्चच्या हप्त्यातले उरलेले सहा हजार आणि बँकेचे दंडाचे पैसे तीन महिन्यांत फिटले.

काही खर्चांना मात्र मी हात लावू देत नाही. आरोग्य विमा, साधा मुदतीचा विमा, आणि गावी आई-वडिलांना जाणारी औषधांची रक्कम. तंगीत माणसं आधी आरोग्य विमा सोडतात, कारण तो वर्षातून एकदाच भरायचा असतो आणि त्या वर्षी कुणी आजारी नसतं. मग एका ऑपरेशनमध्ये घर आणि घरातली माणसं दोन्ही संकटात येतात. आणि मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज काढून घराचा हप्ता भरू नये, याबद्दल मला शंका नाही.

थोडं इतिहासाकडे वळते.  १८७५ साली, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जाचे दस्त आणि वह्या जाळल्या. त्यांची मुख्य चीड त्या कागदांवर होती. त्या कागदांत काय लिहिलं आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हतं, अंगठा मात्र त्यांचा होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात भरलेल्या पैशाची पावती सावकाराने द्यावी, मागितला तर वर्षाचा हिशेब द्यावा, अशा तरतुदी आल्या. हिशेब मागणं हा ऋणकोचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्या भागात अशी रक्त आटवून मिळालेली आहे. आणि आपण, शिकलेली माणसं, घरपोच आलेला हिशेब फोडून वाचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तो वाचला तर काय काय दिसतं! १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना, आणि उशिरात उशिरा ३० जून २०२४ पासून जुन्या कर्जांनाही, नवा नियम लागू आहे: उशिरासाठी बँकेने दंड आकारायचा तो दंड म्हणूनच, वाढीव व्याज म्हणून नाही, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. खात्याच्या उताऱ्यात याच्या उलट केलेलं दिसलं तर लेखी विचारा. दुसरं, व्याजदर. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावर घरकर्जांचे बदलते दर बेतलेले असतात, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कितीतरी जणांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये तोच दर एक टक्क्याने उतरला. तेव्हाही अनेक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली गेली. ज्याचं ठीक चाललंय त्याच्या ते हिताचंच आहे. पण ज्याचा हप्ता थकतोय त्याने बँकेत जाऊन सांगावं, मला मुदत नको, हप्ता कमी करून द्या. मघाच्या ३० लाखांच्या कर्जावर साडेआठचे साडेसात झाले तर २० वर्षांचा हप्ता २४,१६८ होतो. म्हणजे १,८६७ रुपये, तेही कुणाच्या ताटातलं काही न काढता.

आणि खातं एनपीए झालंच असेल तर? तरीही पाकीट फोडा. बँकेला गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत तिचं उत्तर द्यायचं असतं. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळी बाकी भरून घर सोडवून घेता येतं. या मुदती नोटीस, हरकत आणि कारवाई यांच्या तारखांपासून मोजल्या जातात, तुम्ही कागद वाचला की नाही यावर त्या थांबत नाहीत. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हेही लक्षात ठेवा. मुलांच्या शाळेपाशी येऊन उभं राहण्याचा हक्क तर कुणालाच नाही.

मुलांवरून आठवलं. त्या चाकणच्या घरात मी हिशेब मांडला तेव्हा नवरा म्हणाला, पोरांना आत पाठवू या. मी म्हटलं, बसू द्यात. मोठी मुलगी नववीत होती. वहीतल्या बेरजा तिनेच केल्या, आणि ट्यूशनचे साडेचार हजार तिने स्वतः खोडले. ते मी परत लिहायला लावले. दहावीचं वर्ष समोर होतं. पण त्या दिवसापासून घरात आवाज चढवून बोलणं थांबलं, असं तिची आई मला नंतर म्हणाली. मुलांना महिनाभर काहीतरी बिनसलंय हे कळतच होतं. काय ते कळत नव्हतं.

मला दिलेली वेळ संपत आली. उद्या सकाळी साडेनऊ ते बारा मी याच वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसणार आहे, आणि पुढचे चार रविवारही. फी नाही, नाव लिहून घेणार नाही. येताना कर्जखात्याचा उतारा, पगाराची चिठ्ठी आणि एक कोरी वही आणा. शक्य असेल तर दोघांनी मिळून या. आणि घरी एखादं पाकीट फोडायचं राहिलं असेल तर तसंच घेऊन या, आपण बरोबर बसून फोडू.