पत्रक हे वचनपत्र आहे

(कौंडण्यपूर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



निवडणुकीचे पत्रक कसे काढावे, हा विषय आपण मला दिला आहे. मी छपाईचा जाणकार नव्हे. आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले. परंतु आपल्या उमेदवारांची पत्रके लिहिण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे येत राहिले, आणि त्यात झालेल्या चुका हेच माझे भांडवल आहे.

एका पत्रकात मी कापसाचा हमीभाव आणि खतांच्या किमती यांचे कोष्टक घातले होते. मोठ्या समाधानाने ते पारावर वाटले. निंदणाहून परतणाऱ्या एका बाईने ते मुलाकडून वाचून घेतले आणि विचारले, "मास्तर, याच्यात आमच्या मजुरीचं काय लिवलं हाये?" काहीच लिहिले नव्हते. ज्यांच्यासाठी आपण लढतो असे म्हणत होतो, त्यांनाच मी विसरलो होतो. तेव्हापासून पत्रक छापखान्यात देण्यापूर्वी ते चार घरी मोठ्याने वाचून दाखवण्याचा नियम मी पाळतो. जे वाक्य ऐकताना समजत नाही, ते मी काढून टाकतो.

दुसरी गोष्ट चिन्हाची. १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. तेव्हा समाजवादी पक्षाचे चिन्ह झाड होते. पुढे प्रजासमाजवादी पक्षाची झोपडी आली. १९७७ साली जनता पक्षाने भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर निवडणूक लढवली. दर वेळी नवे चित्र घरोघर पोहोचवावे लागले. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होते, तर काही अपक्षांच्या चिन्हाचे मराठी नावही 'तुतारी' होते. मतदारांची गफलत झाली, अशी तक्रार त्या पक्षाने केली. म्हणून मतदानयंत्रावर चिन्ह जसे दिसेल तसेच, काळ्या ठळक रेषांत, उमेदवाराच्या अनुक्रमांकासह छापा. नेत्यांच्या छायाचित्रांची रांग लावून त्याची जागा अडवू नका.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. हे रुक्मिणीचे माहेर. येथून आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. पत्रकावर तिचे चित्र घालावे, अशी सूचना काल येथेच झाली. सूचना करणाऱ्याचा भाव निर्मळ आहे, हे मी जाणतो. परंतु निवडणुकीत मतांसाठी धार्मिक प्रतीके वापरणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे भ्रष्टाचार ठरतो. त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते. कायदा नसता तरी मी नकोच म्हणालो असतो. रुक्मिणी साऱ्या गावाची आहे. आपल्याविरुद्ध मत देणाऱ्याचीही आहे.

मतदानाच्या आदल्या रात्री जातीवरून विष पेरणारी निनावी पत्रके फिरतात. त्यांना तशाच पत्रकाने उत्तर देण्याचा मोह होतो. तो आवरा. त्याच कायद्याचे १२७-अ कलम प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते मागते. ते मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आपण शिक्षेच्या भयाने नव्हे, तर बोललेल्या शब्दाची जबाबदारी म्हणून नाव छापावे. छापखान्याचे बिल त्याच दिवशी खर्चाच्या वहीत नोंदवावे.

आपल्याजवळ पैसा थोडा आहे. पण डेमी कागदाच्या एका तावातून आठ पत्रके निघतात. पाचशे तावांच्या एका रिमातून चार हजार. एका बाजूला चिन्ह आणि अनुक्रमांक द्या, दुसऱ्या बाजूला चार कामे: मजुरी, पाणी, शाळा, कापसाचा भाव. ज्या कामाचा हिशेब देता येईल, तेवढेच लिहा. फ्लेक्सवर चेहरा मोठा दिसतो, पण पाच वर्षांनी तो कोणी जपून ठेवलेला नसतो. पत्रकाची एक प्रत मात्र गावच्या वाचनालयात ठेवता येते.

ती ठेवा. निवडून आलो तर पाच वर्षांनी त्याच पारावर ती वाचू. पडलो तर दुसऱ्याच दिवशी वाचू आणि त्यातले पहिले काम हाती घेऊ. त्या बाईच्या प्रश्नाला देण्यासारखे दुसरे उत्तर माझ्याजवळ नाही.