सांगानेरची छीट आणि गिऱ्हाइकाची पारख

प्रदर्शनाला जाणाऱ्या माणसाचे दोन हेतू असतात. काही नवे पाहावे हा एक. आणि जमल्यास थोडक्या पैशांत चांगला माल पदरात पाडून घ्यावा, हा दुसरा. जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या सांगानेरात हे दोन्ही हेतू साधतात. जवळच्या सीतापुऱ्यात आज प्रदर्शनांसाठी मोठे केंद्र उभे आहे. परंतु सांगानेरचा छापील कापडाचा बाजार हे स्वतःच एक बारमाही प्रदर्शन होय. येथे मालाबरोबर तो घडविणारी हत्यारेही पाहावयास मिळतात.

कारखान्यात शिरताच गोणपाट आणि कापड यांचे थर घातलेले लांबलचक मेज दिसते. त्यावर पांढरे कापड ताणून बसविलेले असते. कारागीर लाकडी ठसा रंगाच्या तबकात टेकवितो, कापडावर ठेवितो आणि मुठीचा एक ठोसा देतो. ठशात हवा निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. नवा ठसा वापरण्यापूर्वी काही दिवस तेलात मुरवितात. बाह्यरेषेचा ठसा ‘रेख’, आतील रंग भरणारा ‘दत्ता’ आणि पार्श्वभूमीचा ‘गद’. शुभ्र जमिनीवर नाजूक फुलांची बुट्टी, ही सांगानेरची ओळख. हे काम करणारा समाज छिपांचा. त्यांतील पुष्कळजण स्वतःस नामदेव छिपा म्हणवितात आणि आपल्या पंढरीच्या नामदेवांना आपले संत मानतात.

आता थोडा हिशेब करून पाहावा. साडी साडेपाच मीटर लांब व एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद, आणि ठसा १२ सेंटिमीटर चौरस असा धरला, तर सर्वांगावर बुट्टी उमटविण्यासाठी एका रंगाचेच चारशेहून अधिक ठसे उठवावे लागतात. रंग तीन असतील तर बाराशेच्या वर. प्रत्येक ठसा आधीच्या ठशाशी नेमका जुळावा लागतो.

त्याच बाजारात तशीच दिसणारी साडी पुष्कळ कमी किमतीस मिळते. ती बहुधा जाळीच्या चौकटीतून रंग ओढून छापलेली, म्हणजे स्क्रीनची असते. चौकट एकदा ठेवली की मोठा भाग एकदम उमटतो. म्हणून ती स्वस्त. ती विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिला हातछपाई म्हणून विकणे. अशा विक्रीत गिऱ्हाईक फसतेच. शिवाय मनगटाच्या कष्टाला चौकटीचा भाव लागून कारागिराच्या मुलाला ठसा खाली ठेवावासा वाटतो.

पारख कठीण नाही. हातछपाईत दोन ठशांच्या सांध्यावर क्वचित रेषा किंचित सरकलेली असते, कोठे रंग गडद तर कोठे फिका असतो, आणि ही चूक दर वेळी निराळी असते. स्क्रीनमध्ये एखादा दोष असला, तर तोच दोष ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतो. सांगानेरी हातछपाईला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची खूण दुकानदारापाशी विचारावी.

स्वस्ताईचा आणखी एक हिशेब पावतीवर येत नाही. सांगानेरच्या रंगकामातील रासायनिक सांडपाण्याने तेथून वाहणारी द्रव्यवती दूषित झाली आहे. ठशाची छपाईही रासायनिक रंगांनी होते. त्यामुळे हा दोष एकट्या स्क्रीनचा नव्हे. म्हणून रंग कोणते आणि त्यांचे पाणी कोठे जाते, हेही गिऱ्हाइकाने विचारावयास हवे.

बाजारात गेल्यावर घासाघीस होणारच, आणि व्हावीही. मात्र भावाचा आकडा उच्चारण्यापूर्वी कापड उजेडात धरून ठशांचे सांधे न्याहाळावेत. स्क्रीनच्या कापडाला स्क्रीनचा भाव खुशाल मागावा. बाराशे ठोसे पडलेल्या साडीला मात्र तो भाव मागू नये.