पुळणीचा पंचनामा

चक्रीवादळ ओसरल्यावर होणाऱ्या पंचनाम्यांत पडलेली घरे, उन्मळलेले माड आणि पोफळी, फुटलेल्या होड्या यांची नोंद होते; परंतु ज्या वाळूच्या पट्ट्याने, म्हणजे कोकणात जिला पुळण म्हणतात तिने, लाटांचा पहिला मार सोसलेला असतो तिच्यासाठी त्या कागदात रकानाच नसतो. कुपवाडसारख्या घाटावरच्या औद्योगिक नगरात भरलेल्या अभियंत्यांच्या या परिषदेत हा विषय अध्यक्षपीठावरून मांडला जाणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगली-मिरज-कुपवाड परिसराला हे दाखवून दिले आहे की भरपाई मोजलेल्या हानीचीच मिळते, आणि कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी वर्षानुवर्षे फुटाफुटाने नोंदली गेली म्हणूनच पुराविषयी पुराव्यानिशी बोलता येते. पुळणीला असा आयर्विन पूल नाही.

पुळण ही स्थिर वस्तू नसून वाळूचा चालता हिशेब आहे. पावसाळ्यातील उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून उथळ पाण्यात बुडालेल्या दांड्याच्या रूपाने साठवतात आणि हिवाळ्यातील सौम्य लाटा तीच हळूहळू परत आणतात. या देवघेवीत तूट पडू नये म्हणून किनाऱ्यामागील वाळूची टेकाडे, ज्यांवर मर्यादवेलीसारख्या वनस्पती वाळू धरून ठेवतात, राखीव साठ्याचे काम करतात. चक्रीवादळात हा साठाही खणला जातो, आणि वाळू इतक्या खोल पाण्यात गेली की नेहमीच्या लाटांची पोच तेथवर नसेल, तर ती परतत नाही. नदीने आणलेल्या नव्या वाळूने ती तूट भरून निघावी, तर नद्यांवरील धरणे आणि खाड्यांतील रेती-उपसा यांनी तो पुरवठाही आटवला आहे. वादळाला दोष देऊन मोकळे होणे म्हणूनच न्याय्य नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ हे चक्रीवादळ किनाऱ्याला न धडकता भर अरबी समुद्रातून गेले, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ संपूर्ण कोकणाला समांतर सरकत गुजरातेत गेले. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या जिभेवर वसलेल्या मालवण तालुक्यातील देवबाग गावाला अशा प्रत्येक वादळात दोन्ही अंगांनी पाणी सोसावे लागते, आणि तेथील रहिवाशांची मागणी स्वाभाविकपणे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची, म्हणजे दगडी भिंतीची, असते. ती मागणी अवास्तव नाही, कारण घराच्या पायरीशी समुद्र आल्यावर दुसरा उपाय तत्काळ हाती नसतो. परंतु भिंतीवर आपटून परतणारी लाट तिच्या पायथ्याची वाळू उपसते आणि भिंत जेथे संपते तेथून पुढची धूप वाढवते, त्यामुळे एका वाडीचे संरक्षण शेजारच्या वाडीचे संकट ठरते. पुदुच्चेरी येथे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार पाण्याखाली बांध घालून आणि वाळू भरून नाहीसा झालेला किनारा पुन्हा उभा राहिला, ही घटना कोकणासाठी अधिक अभ्यसनीय आहे.

प्रश्न खर्चाचा आहे. चक्रीवादळ केंद्राच्या आपत्तींच्या अधिसूचित यादीत आहे, किनाऱ्याची धूप नाही. महाराष्ट्राने समुद्राचे उधाण राज्यापुरते आपत्ती मानले असले, तरी मदत मोजली जाते ती घर आणि शेत यांची. पंधराव्या वित्त आयोगाने मात्र २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी धूप रोखण्याकरिता राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीतून, म्हणजे हानी होण्याआधीच्या उपायांसाठी राखलेल्या निधीतून, १,५०० कोटी रुपये, आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये वेगळे ठेवण्याची शिफारस केली. ही रक्कम नद्यांचे काठ आणि समुद्रकिनारे या दोहोंसाठी आणि साऱ्या देशासाठी असल्याने, ज्या राज्याकडे नकाशे आणि मोजमापे तयार असतील त्याचाच प्रस्ताव टिकेल, हे उघड आहे.

अमेरिकेतील व्यवहार या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे चक्रीवादळानंतर वाहून गेलेल्या वाळूसाठी संघीय आपत्ती साहाय्य सरसकट मिळत नाही. ठरावीक उंची, रुंदी, उतार आणि कणांचा आकार यांनुसार बाहेरची वाळू घालून जो किनारा बांधला आणि नियमित देखभालीत ठेवला, तोच सार्वजनिक बांधकाम मानला जातो आणि त्याची झीज भरून दिली जाते. रस्ता किंवा पूल यांच्याप्रमाणे पुळणही मालमत्तापत्रकात येते, हा यातील खरा फरक होय. तेथेही श्रीमंतांच्या बंगल्यांसमोर सार्वजनिक पैशाने वाळू टाकण्याचा आक्षेप घेतला जातो आणि तो योग्यच आहे. कोकणात म्हणून पहिला हक्क मच्छीमारांच्या वाड्यांचा आणि होड्या ओढण्याच्या जागांचा असावा, पर्यटन निवासांचा नंतर.

किनाऱ्यावर कायम खुणा रोवून त्यांपासून पाण्यापर्यंतचा उंचसखलपणा दरवर्षी मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर मोजणे, हे काम स्थापत्य अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या संस्थांनी एकेक तालुका वाटून घेतला, मोजणीच्या नोंदी तहसील कार्यालयात ठेवल्या आणि खाडीच्या मुखाशी नौकामार्गासाठी उपसलेली स्वच्छ वाळू विकण्याऐवजी जवळच्या झिजलेल्या किनाऱ्यावर टाकण्याची अट परवान्यात घातली गेली, तर पुढील वादळानंतर तलाठ्याच्या पंचनाम्यात पुळणीचे घनमीटर लिहिता येतील, आणि ही मोजणी देवबागपासूनच सुरू व्हावी.